पडवीचा खांब आणि जिन्याची पायरी पुन्हा पुन्हा तळातून का कुजते: काय तपासायचं, किती दुरुस्त करायचं, कुठे थांबायचं

कोकणातल्या कौलारू घरांच्या पडव्या दुरुस्त करताना मला एकच तक्रार सतत ऐकू येते. खांब खालून कुजला म्हणून नवा घातला, चांगला साग घातला, आणि चार-पाच पावसाळ्यांत तो पुन्हा तिथेच मऊ झाला. मग दोष सुताराला दिला जातो, नाहीतर लाकडाला. बहुतेक घरांत दोष या दोघांचाही नसतो. जुना खांब ज्या पाण्यात उभा होता, त्याच पाण्यात नवाही उभा केलेला असतो. म्हणून खाली सांगतो त्यात करवत हातात घेण्याची वेळ अगदी शेवटी येते.

लक्षणं

यातलं एक जरी दिसलं तरी तपासणी सुरू करा.

खांबाचा तळाचा वीतभर भाग वरच्यापेक्षा काळपट दिसतो आणि पाऊस थांबून महिना झाला तरी हाताला गार, दमट लागतो. ऑइलपेंटला फुगे येतात किंवा रंगाचा पापुद्रा सुटतो. लाकडावर आडव्या-उभ्या चिरा पडून चौकोनी तुकडे सुटू लागतात. तळाशी छोट्या छत्र्या किंवा पांढरी जाळी उगवते. मातीची बोटभर रुंद रेघ जमिनीतून वर चढलेली दिसते, ती वाळवीची. पिठासारखा भुसा पडत असेल तर ती वेगळी कीड, तिचा पाण्याशी संबंध कमी.

काही लक्षणं खांबापासून लांब दिसतात आणि म्हणून सुटतात. पडवीच्या कडेची कौलांची ओळ मधेच खाली झुकलेली असते. खांबाचं डोकं आणि तुळई, म्हणजे खांबांवरचं आडवं लाकूड, यांच्यात फट पडते. खांबांमध्ये कठडा किंवा दार बसवलेलं असेल तर ते अचानक घासू लागतं. माळ्यावर जाणाऱ्या लाकडी जिन्याची पायरी पाय दिला की किंचित दबते, खिळ्यांची डोकी वर येतात, किंवा सगळा जिना एका बाजूला सरकल्यासारखा वाटतो.

तुळई आणि खांब यांच्यातली फट दिसली तर बाकीची तपासणी नंतर करा. आधी त्या खणाखाली, म्हणजे दोन खांबांमधल्या भागाखाली, कुणी बसणार-झोपणार नाही एवढं बघा. त्याचा अर्थ असा की खांब खचलाय आणि छपराचा भार शेजारच्या खांबांवर गेलाय.

पहिलं, फुकटचं: पावसात उभं राहून बघा

ही तपासणी मे महिन्यात करता येत नाही, म्हणूनच ती कुणी करत नाही. मुंबईहून मे महिन्यात आलेल्या माणसाला सगळं कोरडं दिसतं. गणपतीत आलात की जोराच्या सरीत दहा मिनिटं पडवीच्या बाहेर छत्री घेऊन उभे राहा आणि पाणी कुठून कुठे जातं ते नुसतं बघा.

पागोळ्या जमिनीवर कुठे पडतात? तिथे जांभा किंवा लादी असेल तर थेंब उडून खांबाच्या तळावर शिंतोडे येतात. कडक जमिनीवरून ते गुडघ्याएवढे सहज उडतात. खाली खडी पसरली की निम्मा त्रास कमी होतो. पन्हळ असेल तर ती पानांनी भरून नेमकी खांबाशी वाहतेय का? झड कुठल्या दिशेने आत येते? एखादं कौल सरकून वाशावरून पाणी खांबावर ओघळतंय का? पडवीचा उतार बाहेर आहे की आत?

याला एवढं महत्त्व का, तर लाकूड कुजवणारी बुरशी ओलाव्याशिवाय जगत नाही. लाकडातलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांखाली राहिलं तर ती वाढत नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्याला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर लाकूड थोडं ओलं होणारच. प्रश्न ते ओलं होण्याचा नाही, नंतर वाळतं की नाही याचा आहे. ज्या खांबाला वारा लागतो तो दिवाळीपर्यंत सुकतो आणि शंभर वर्षं टिकतो. ज्याच्या तळाशी पाणी अडतं तो कधीच पुरता सुकत नाही.

बंद घरांचं दुखणंही हेच. पूर्वी चुलीची ऊब आणि धूर पावसाळाभर घरात फिरायचा. आता चार महिने दारं-खिडक्या बंद, आणि पडवीला झडीसाठी प्लास्टिकचा कागद खांबांना घट्ट गुंडाळलेला. त्या कागदामागे लाकूड घामेजून राहतं. कागद लावाच, पण खांबापासून चार बोटं सोडून, आणि खाली वाऱ्याला वाट ठेवून.

याच वेळी खांबाला टेकवलेल्या कुंड्या, सरपणाचे ढीग, सायकल, पाण्याचा पिंप, सगळं बाजूला करा.

दुसरं: ठोका आणि टोचा

हातोडीच्या लाकडी दांड्याने खांब खालपासून खांद्यापर्यंत चारही बाजूंनी ठोकत जा. निरोगी लाकूड खणखणीत बोलतं, पोकळ झालेलं भद्द वाजतं. आवाज बदलतो तिथे खडूने खूण करा.

मग टोच्या किंवा जुना पेचकस घेऊन खुणेखाली दाबा. हाताच्या जोरावर अर्धा इंच सहज आत गेला तर लाकूड गेलेलं आहे. शंका असेल तर टोक तिरकं घालून छोटी ढलपी उचला. चांगल्या लाकडाची ढलपी लांब, तंतूंसकट उकलते. कुजलेल्याची जागच्या जागी पटकन तुटते. रंग फसवतो, ही ढलपी फसवत नाही.

भिंतीकडची बाजू टोचायला विसरू नका. सगळे जण अंगणाकडची बाजू बघतात, आणि खांब मागून खाल्लेला असतो. पोकळीत हात घालायचा नाही. विंचू आणि साप अशाच जागा शोधतात.

जिन्याला हीच परीक्षा, पण पायरीवर उभं न राहता. जमिनीवर बसून सगळ्यांत खालची पायरी, तिची भिंतीकडची टोकं आणि दोन्ही बाजूच्या जाड फळ्या जमिनीला टेकतात ती जागा टोचा. पायरीची फळी मधे क्वचित कुजते. ती खाचेत बसते तिथे पाणी आणि धूळ साचते, म्हणून टोकं आधी जातात.

तिसरं: तळखडा दिसतोय का?

माझ्या अनुभवात पुन्हा पुन्हा होणाऱ्या कुजेचं सर्वांत मोठं कारण इथे आहे.

जुन्या घरात खांब जमिनीत गाडत नसत. खाली दगड, म्हणजे तळखडा, आणि त्याचा माथा सारवलेल्या जमिनीच्या वर उचललेला. खांबाचं बूड हवेत, कोरड्या दगडावर. सारवणाची जमीन पाणी थोडं शोषायची आणि पुन्हा सोडायची. ती बांधणी जाणत्या लोकांनी विचार करून केलेली होती.

नंतर घरात लादी आली. जुन्या जमिनीवर भर, त्यावर सिमेंट, त्यावर शहाबादी किंवा टाईल, आणि पडवी तीन-चार इंच वर आली. तळखडा खाली गाडला गेला आणि लादी खांबाला चारही बाजूंनी घट्ट भिडवून सांध्यात सिमेंट भरलं. दिसायला फार छान. पण आता खांबाचं बूड सिमेंटच्या वाटीत उभं आहे. फरशी पुसल्याचं पाणी, झडीचं पाणी, ओल्या चपलांचं पाणी लाकूड आणि सिमेंट यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीतून खाली उतरतं आणि बाहेर पडायला त्याला जागाच नसते. त्यात खांबाचं बूड म्हणजे लाकडाच्या नळ्यांची उघडी तोंडं. लाकूड बाजूने जितकं पाणी पितं त्याच्या कितीतरी पट वेगाने तिथून पितं.

याहून वाईट उपाय म्हणजे कुजलेल्या बुडाभोवती सिमेंटचा चौथरा ओतणं. खांब हलतो म्हणून गवंडी हेच करून देतो. त्या दिवशी खांब घट्ट वाटतो. आतली कूज मात्र झाकली जाते, वाढते, आणि पुढच्या वेळी खांब चौथऱ्याच्या कडेला मोडतो. सगळ्यांत धोकादायक खांब मी असेच पाहिले आहेत, कारण बाहेरून काहीच दिसत नाही.

तपासायचं असं. लादी खांबाला भिडलेली असेल तर छिन्नीने एका बाजूचा सांधा फोडा, दोन बोटं रुंद. टोच्या आत घाला. दगड किती खोल लागतो ते बघा आणि वर येताना टोकाला काय चिकटतं तेही. काळा चिखल आला तर निदान झालं. चारही बाजू एकदम फोडू नका. कुजलेल्या खांबाला कधी कधी त्या सिमेंटचाच आधार उरलेला असतो.

चौथं: वाळवी जिवंत आहे का?

मातीची रेघ दिसली की लोक लगेच औषध ओततात. आधी रेघेचा इंचभर तुकडा मोडून काढा आणि आठवड्याने बघा. तुकडा पुन्हा बांधला गेला असेल तर वाळवी चालू आहे. तसाच असेल तर बहुधा जुनी वाट आहे. तरी पावसाळ्यात एकदा पुन्हा तपासा.

वाळवी आणि कूज हातात हात घालून येतात, कारण दोघांनाही ओल लागते. पाणी बंद केलं नाही तर औषधाचा जोर ओसरल्यावर ती परत येते. जमिनीत औषध भरायचं काम स्वतः करू नका. आपल्याकडे विहीर घरापासून हाकेच्या अंतरावर असते आणि जांभ्याच्या जमिनीतून पाणी झिरपायला वेळ लागत नाही. परवाना असलेल्या माणसाला बोलवा आणि विहीर किती दूर आहे ते त्याला आधी दाखवा.

पाचवं: ओळंबा आणि दोरी

प्रत्येक खांबाला ओळंबा, म्हणजे वजन बांधलेली दोरी, लावा, दोन बाजूंनी. डोक्याशी आणि तळाशी दोरी-लाकडातलं अंतर मोजून, तारखेसह भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवा. तुळईच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणा आणि मधला झोल मोजा. जुन्या घरात थोडा कल असतोच, तो शंभर वर्षांचा असू शकतो. घाबरायचं ते बदलणाऱ्या कलाला. मे महिन्यात आणि दिवाळीत मोजलेले आकडे वेगळे आले तर घर हलतंय.

सहावं: वरचं टोक

हे शिडीचं काम, म्हणून उशिरा. शिडी तुळईला किंवा तपासल्या जाणाऱ्या खांबाला टेकवू नका, दोन पायांची घडीची शिडी घ्या. खांबाचं डोकं, तुळईची टोकं आणि वाशांची खालची टोकं टोचून बघा. कौलांवर पाय देऊन चढायचं नाही. खांबावरून विजेची तार किंवा बटणांची पाटी गेली असेल, आणि पडवीत ती बहुतेक वेळा असतेच, तर आधी मेन स्विच बंद करा.

खांब खाली चांगला आणि वर कुजलेला असेल तर पाणी छपरातून येतंय. तुळई कुजली असेल तर हा लेख तुमच्यासाठी इथे संपला. सुताराला बोलवा.

किती गेलंय त्यावर उपाय

*वरवरचं.* एका बाजूला अर्ध्या इंचापेक्षा कमी खोल, खांब सरळ, बूड टणक. हे घरी करता येतं. दिवाळीनंतर, लाकूड सुकू देऊन करा. मऊ भाग पटाशीने टणक लाकूड लागेपर्यंत काढा. जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९० भाग) आणणारा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगात शिसं भरपूर असू शकतं. पाणी मारून घासा, मास्क लावा, लहान मुलांना लांब ठेवा आणि खरवड गोळा करून टाका, अंगणात झाडू नका.

मग दीड भाग बोरॅक्स आणि एक भाग बोरिक ॲसिड, असं एक किलो मिश्रण दहा लिटर कोमट पाण्यात विरघळवून ब्रशने तीन-चार हात द्या. हातमोजे घाला. या दोन्हींतलं बोरॉन बुरशी आणि कीड दोन्हींना मारतं, पण पावसाने धुऊन जातं. म्हणून लाकूड पुन्हा वाळलं की खड्डा इपॉक्सीच्या लांबीने (पुट्टीने) भरून वर रंग किंवा तेल द्यावंच लागतं. भुसा आणि पांढरा गोंद कालवून भरू नका, तो ओल लागली की फुगतो. जुनी माणसं उंडीचं तेल किंवा काजूच्या टरफलांचं तेल लावत, दोन्ही चांगली. काजूचं तेल कातडी भाजतं, ते उघड्या हाताने कधीच नाही. गाडीचं जळकं ऑइल लावायची पद्धत सोडून द्या. ते वरच राहतं आणि पावसाबरोबर विहिरीकडे जातं.

आणि तळाशी फोडलेला लादीचा सांधा पुन्हा भरू नका. खांबाभोवती दोन बोटं मोकळी वाट ठेवा, तिचा उतार अंगणाकडे काढा. हे केलं नाही तर वरचं सगळं वाया.

*बूड गेलंय, वर चांगलं आहे.* कूज हातभर उंचीपर्यंत आहे आणि वर ढलपी लांब निघते. अख्खा खांब बदलायची गरज नाही, फक्त पाय बदलायचा. पण इथे तुमचं काम निर्णय घेण्याचं, हात सुताराचे. कारण साधं आहे: मंगलोरी कौल अडीच किलोच्या आसपास आणि चौरस मीटरला पंधराएक कौलं बसतात. म्हणजे नुसती कौलंच चौरस मीटरला ३५-४० किलो, वर वासे-रिपा वेगळ्या. साध्या पडवीतही एका खांबावर दोन-अडीचशे किलो सहज येतात, आणि मुख्य छपराचे वासे तिथवर उतरले असतील तर त्याहून बरेच जास्त. हे वजन हाताने धरता येत नाही आणि पडताना आवाज देत नाही.

सुतार काम करताना या गोष्टी होतायत ना ते बघा. खांबाच्या दोन्ही बाजूंना एकेक लोखंडी जॅक, सेंट्रिंगवाल्याकडे भाड्याने मिळतो तो. बांबू किंवा विटांच्या चवडीचा धिरा नको. जॅकखाली दोन इंच जाड फळी, म्हणजे लादी फुटून तो खचत नाही. जॅक तुळईला घट्ट लागेपर्यंतच आवळायचा, झुकलेलं छप्पर एका दिवसात सरळ करायला जायचं नाही. तसं केलं की कौलं फुटतात आणि शेजारचे सांधे उघडतात. कामाच्या वेळी खाली दुसरं कुणी नको, आणि पावसाचं-वाऱ्याचं चिन्ह असेल तर काम पुढे ढकला.

कूज संपलेली दिसते तिथून निदान वीतभर वर कापायला सांगा, बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याच्या पुढे गेलेले असतात. त्या जागी लाकडाचा नवा तुकडा जोडण्यापेक्षा मला दगड वर आणणं अधिक पटतं: काळ्या दगडाचा किंवा काँक्रीटचा ठोकळा, माथा लादीच्या निदान वीतभर वर, मधे लोखंडी खुंटी म्हणजे खांब सरकत नाही, आणि दगड-लाकडाच्या मधे डांबरी कागद. ठोकळ्याचा माथा खांबाच्या बाहेर उरला तर त्याला बाहेरून उतार द्या. खांबाचं कापलेलं बूड तेल पीत नाहीसं होईपर्यंत तेलात भिजवा. लाकडाचाच तुकडा जोडायचा असेल तर सांधा खांबाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट लांब हवा, जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी बोल्ट आणि रुंद वॉशर लावून. नुसते खिळे नकोत, किनाऱ्याच्या हवेत ते लवकर गंजतात.

लाकूड घेताना सागाच्या नावावर जाऊ नका. तुकड्याचं तोंड बघा. सालीलगतचा पांढुरका भाग सागाचाही लवकर कुजतो, टिकतो तो गाभा. मोडलेल्या घराचा जुना खांब मिळाला तर तो नव्या कोवळ्या सागापेक्षा मी केव्हाही घेईन. परसातलं झाड तोडायचा विचार असेल तर साग, ऐन, किंजळ, फणस, आंबा यांना १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते, झाड स्वतःच्या मालकीचं असलं तरी.

*जिना.* एखादी पायरी गेली तर तेवढीच बदला, जाडी जुन्या फळीएवढी किंवा जास्त. स्क्रू खालून मारा, वरून मारलेल्या खिळ्याच्या भोकात पाणी साचतं. बाजूच्या फळीचं टोक कुजलं असेल तर शेजारी दुसरी फळी ठोकून चालत नाही, कारण जिन्याचा सगळा भार त्या टोकावरच उतरतो. जिना बंद करा, खालच्या पायरीवर आडवी काठी बांधा म्हणजे रात्री कुणी चढणार नाही, आणि सुताराला बोलवा.

इथे थांबायचं

पुढच्यातलं काहीही असेल तर हत्यार खाली ठेवा. शेजारशेजारचे दोन खांब कुजलेत. टोच्या खांबाच्या मध्यापर्यंत जातो. तुळईत फट, चीर किंवा कूज आहे. खांबावर माडी आहे. ओळंब्याचे आकडे बदलतायत. खांबामागची मातीची किंवा जांभ्याची भिंत फुगली आहे. पहिल्या तीन प्रकारांत अनुभवी सुतार पुरतो, ज्याने छपराला टेकू देऊन खांब बदललेत असा. फर्निचर करणारा सुतार यासाठी नको. माडी, भिंत आणि हलणाऱ्या घरासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतो. त्याची फी जड वाटली तरी द्या, कारण तिथे चूक झाली तर छप्पर माणसांवर येतं.

काम लगेच होणार नसेल आणि गणपती तोंडावर असतील तर त्या खणाला सुताराकडून जॅक लावून घ्या आणि दोरी बांधून तो भाग बंद ठेवा. भाद्रपदात लाकूड सर्वांत ओलं असतं आणि नेमकं तेव्हाच आरतीला, भजनाला पडवी भरते, माणसं खांबाला टेकून बसतात. भजन माजघरात किंवा अंगणातल्या मांडवात करा.

दुरुस्ती झाल्यावर पहिल्या पावसाळ्यात एकदा आणि नंतर दर दिवाळीत तळाचा वीतभर भाग टोचून बघा, खांबाभोवतीची मोकळी वाट साफ करा आणि ओळंब्याचे आकडे जुन्या आकड्यांखाली लिहा. घर बंद असेल तर शेजाऱ्याला हे तिन्ही दाखवून ठेवा.